नदीचं वय

(बाईंच्या स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या माहेरच्या या गावात, वाईत, नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, असं कुणी विचारत नसे. आमच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. पांढरं पातळ, हातात छत्री, आणि टेबलावर दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. ते पुस्तक १९५६ सालचं, म्हणजे माझ्याहून एका वर्षानं धाकटं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल गावात जे बोललं जायचं ते त्यांच्या कानावर येत असणारच, पण त्यांच्या चालण्यात कधी फरक पडलेला मी पाहिला नाही.

मी सातवीत होते, १९६७ साल. दिवाळीनंतर बाई आमच्या वर्गाला क्षेत्र महाबळेश्वरला घेऊन गेल्या. एसटीनं पसरणी घाट चढून, पाचगणी मागं टाकून आम्ही पंचगंगेच्या देवळात पोचलो. आत दगडी भिंतीतून धारा पडत होत्या. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच बारमाही. आणखी दोन जागा कोरड्या होत्या. एकीतून बारा वर्षांनी भागीरथी येते, दुसरीतून साठ वर्षांनी सरस्वती, असं गुरवानं सांगितलं. मग बाईंनी एकेकीला डोळे मिटायला लावले. मनगट धरून हात एका धारेखाली नेला आणि विचारलं, “ही कोण?”

मी छातीठोकपणे म्हणाले, “कृष्णा.” कृष्णेच्या घाटावर वाढलेली मुलगी मी, दुसरं काय म्हणणार?

“ही सावित्री,” बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. माझा हात तसाच थोडा वेळ पाण्यात धरून ठेवला आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

परतताना त्यांनी जी कथा सांगितली ती तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिची रूपं बरीच आहेत, मी बाईंचं रूप सांगते. ब्रह्मदेवानं सह्याद्रीच्या माथ्यावर यज्ञ मांडला. मुहूर्त आला, पण त्याची पत्नी सावित्री अजून पोचली नव्हती. देवांनी थांबायचं सोडून गायत्रीला शेजारी बसवलं आणि यज्ञ सुरू केला. सावित्री आली, आपल्या पाटावर दुसरी बसलेली पाहिली, आणि तिनं सगळ्या देवांना शाप दिला, की तुम्ही पाणी व्हाल. विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला, इतर देवही वाहू लागले. गायत्रीचा उलटा शाप सावित्रीला लागला. त्या दोघीही नद्या झाल्या, पण देवांच्या वाटेनं गेल्या नाहीत. देव पूर्वेला गेले आणि या पश्चिमेला.

जरा थांबून या कथेकडे बघा. दर वर्षी आपण कृष्णाबाईचा उत्सव करतो. १६५९ साली अफझलखानाच्या स्वारीचं संकट टळावं म्हणून केलेला नवस त्यामागं आहे, अशी आपली परंपरा सांगते. सात घाटांवर पाळीपाळीनं मांडव पडतात, हिवाळा सरताना सुरू झालेला उत्सव उन्हापर्यंत चालतो. आपण तिला साडी नेसवतो, खणानारळानं ओटी भरतो, तिच्यापुढं कीर्तन होतं. ती कृष्णाबाई म्हणजे एका अपमानित बाईच्या शब्दानं स्त्री झालेला विष्णू आहे. आपल्याकडच्या नदीचा उगम एका बाईच्या रागात आहे. बारा वर्षांच्या मुलींना एसटीत ही गोष्ट सांगणारी शिक्षिका आम्हांला मिळाली, हे माझं मोठं भाग्य.

आज बोलायचं आहे ते निसर्गातल्या बाईपणाबद्दल, आणि आपल्या आयुष्यातल्या टप्प्यांबद्दल. मला हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत. निसर्गाला आई म्हणायची आपल्याला सवय आहे. काळी आई, गंगामाई, कृष्णामाई. शब्द प्रेमाचा आहे आणि मीही तो वापरते. पण आई हा शब्द लेकराच्या बाजूनं उच्चारलेला असतो. लेकराला आईचं वय दिसत नाही. ती कधी मुलगी होती, तिला कधी विटाळ आला, कधी तिचं मूल गेलं, कधी तिचं अंग थकलं, हे त्याला दिसत नाही. ते फक्त मागतं. आपण नदीला फक्त आई म्हणत राहिलो, म्हणून तिच्याकडे फक्त मागत राहिलो. आपल्या जुन्या बायकांनी मात्र तिला आईपणाच्या अलीकडची आणि पलीकडची वयंही दिली होती. मला त्या वयांबद्दल सांगायचं आहे.

पंचगंगेहून आलो आणि महिन्याभरात मला न्हाण आलं. आमच्या घरात आजीचं सोवळं कडक. मागच्या पडवीत घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. ‘कावळा शिवला’ असं सांगून धाकट्या भावंडांना लांब ठेवलेलं. डिसेंबरची थंडी होती आणि मी पडवीत एकटी झोपले होते. ११ डिसेंबरची पहाट, अजून उजाडलं नव्हतं. आधी भांडी वाजली. मग माझ्या पाठीखालची जमीन, ही घाटावरची दगडासारखी जमीन, हलू लागली. पुढं वर्तमानपत्रांतून कळलं की तो कोयनेचा भूकंप. कोयनानगरला किती घरं पडली, किती माणसं गेली, तेही कळलं. त्या क्षणी मला एवढंच समजत होतं, की मी अंधारात आहे आणि मला कुणी शिवणार नाही.

आजी आली. अंधारातून चाचपडत पडवीत आली आणि तिनं मला ओढून पोटाशी घेतलं. सोवळ्यातली माझी आजी, जिनं चार दिवसांत माझ्या सावलीला पाय लागू दिला नव्हता. जमीन थांबेपर्यंत तिनं मला सोडलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, “धरणीला कळ आली गं.”

बाळंतपणाची कळ, त्या अर्थानं. तिनं सात बाळंतपणं काढली होती, तीन मुलं पुरली होती. जमीन हलण्याचा तिला माहीत असलेला अर्थ तोच होता. कोयनेच्या धरणातल्या पाण्याचा भार आणि त्या पट्ट्यातले भूकंप यांचा संबंध मी पुढं वाचला, विद्यार्थ्यांना शिकवला. तो अभ्यास खरा आहे. पण आजीचं वाक्य त्यामुळं माझ्या लेखी खोटं ठरलेलं नाही. धरणीला अंग आहे आणि त्या अंगाला दुखतं, हे मला पहिल्यांदा तिनं सांगितलं, आणि तेही माझ्या अंगाला नुकतंच दुखू लागलं होतं त्या आठवड्यात.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत एक विधान येतं, काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’सारख्या पंढरपुरात रचलेल्या ग्रंथातही ते आहे. सूर्य कर्क आणि सिंह राशींत असतो तेव्हा नद्या रजस्वला असतात, त्यांत स्नान करू नये. समुद्राला मिळणाऱ्या मोठ्या नद्यांना यातून बरीचशी सूट दिली आहे. पावसाळ्यात वाईच्या घाटावर उभं राहिलं की हे कुठून सुचलं ते समजतं. महाबळेश्वरच्या जांभ्या दगडाची माती घेऊन पाणी यायचं ते तांबडं यायचं. आईबरोबर धुणं घेऊन गेलेल्या मला ते पाणी पाहून काही विचारावंसं वाटलं होतं आणि मी विचारलं नव्हतं.

या विधानाकडे मी दोन प्रकारे पाहते आणि दोन्ही मला सोडवत नाहीत. एक म्हणजे बाईवर घातलेली बंदी शास्त्रकारांनी नदीवरही घातली, पवित्र म्हणवल्या गेलेल्या पाण्यालाही पडवीत बसवलं. ते मला आजही बोचतं. दुसरं असं, की त्यांनी नदीला निदान काही आठवडे हात लावू नका म्हटलं. सासर महाडला झाल्यावर मला ‘वलगण’ हा शब्द कळला. पहिल्या मोठ्या पावसात नदीचं पाणी शेतात, ओढ्यांत शिरतं आणि मासे उलटे वर चढतात, पोटात गाभोळी घेऊन. घाटावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कोकणात वलगणीचे. त्याच दिवसांत त्यांना पकडायला माणसांची झुंबड उडते. शास्त्रकारांच्या डोक्यात मासे होते असं मी अजिबात म्हणत नाही, आठवडेही तंतोतंत जुळत नाहीत. पण पावसाळ्याच्या आरंभी नदीला एकटं सोडायचं कारण तिच्या पोटात होतं, हे खरं.

ओडिशात हीच गोष्ट सण होऊन राहिली आहे. रज संक्रांतीला, जूनच्या मध्यावर, तीन दिवस पृथ्वी रजस्वला मानतात. त्या दिवसांत नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. मुली नवे कपडे घालून झाडांना बांधलेल्या झोक्यांवर बसतात, त्यांना घरकाम लावत नाहीत. चौथ्या दिवशी धरणीला स्नान घालतात. आसामात कामाख्येला त्याच सुमारास अंबुबाचीचे दिवस पाळतात, देऊळ बंद असतं. पडवीतल्या मुलीला ओडिशातल्या मुलीसारखा झोका मिळाला असता तर, असा विचार मी कितीदा केला आहे. दोन्हीकडे मूळ कल्पना तीच, की या दिवसांत अंगाला विसावा हवा. एकीकडे त्या विसाव्याचा उत्सव झाला, दुसरीकडे शिक्षा.

१९७७ साली माझं लग्न झालं आणि मी सावित्रीची झाले. वाईहून महाडला जायचं तर पुन्हा महाबळेश्वर चढायचं आणि आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरायचं. पाठवणीच्या गाडीत बसले होते, डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि घाटमाथ्यावर आल्यावर एकदम बाई आठवल्या. तिथून जवळच ते देऊळ. माझ्या माहेरची आणि सासरची नदी एकाच भिंतीतून पडतात. कृष्णा उगम पावते ती अरबी समुद्रापासून अवघ्या चौसष्ट किलोमीटरवर, पण समुद्राकडे पाठ करून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री कड्यावरून थेट खाली येते, महाडला गांधारीला भेटते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीतून समुद्रात शिरते. माहेरवाशिणीसारखी वळणं घेत गेलेली एक, आणि उंबरठ्यावरून तडक निघून गेलेली एक. मला त्या वयात पहिलीच आवडायची.

लग्नानंतर आठ वर्षं मला मूल झालं नाही. त्या आठ वर्षांतलं फार काही सांगणार नाही, ऐकणाऱ्यांत अनेकींनी ते काढलेलं आहे. हळदीकुंकवाला कुणी ओटी भरताना माझ्यावरून पुढं जायचं, कुणी मुद्दाम दोनदा भरायचं, आणि दोन्ही सारखंच लागायचं. शाळेत नोकरी होती म्हणून मी टिकले. उन्हाळ्यात मुलांना घेऊन आम्ही पोलादपूरच्या वरच्या डोंगरांत जायचो. तिथं कारवीचं रान. एका वाडीतली म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, “कारवी यंदा गरवार हाय.” त्या वर्षी पाऊस सरताना सगळा उतार जांभळा झाला.

कारवी सात-आठ वर्षं नुसती पानं धरते. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींना जातात, गुरं तिच्यातून फिरतात, आणि ती फुलत नाही. मग एका पावसाळ्याअखेर त्या डोंगरावरची सगळी कारवी एकाच वेळी फुलते, मधमाश्या येतात, आणि बी धरून ती वाळून मरते. पुढं तिची सुकलेली बोंडं तडतडत फुटतात आणि बी उडतं. शेजारच्या डोंगरावरच्या कारवीचं वर्ष वेगळं असू शकतं. मुंबईच्या बोरिवलीच्या रानात ती २०१६ला फुलली आणि २०२४ला फुलली. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, मला हे आधी पाठ होतं. पण न फुललेल्या सात वर्षांत कारवीला कुणी वांझ म्हणत नाही, हे मला त्या म्हातारीसमोर उभं राहिल्यावर कळलं. ती वर्षं कारवीचीच असतात. त्या वर्षांतच डोंगराची माती तिच्या मुळांनी धरून ठेवलेली असते.

मला मुलगी झाली ती १९८५ साली. झाली नसती तर आज मी इथं वेगळं बोलले असते का? मला वाटतं, नाही.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी पाटावरवंटा पुजला, सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सव्वा महिन्यानं मला विहिरीवर नेलं. काठावर शेंदूर फासलेले सात खडे होते, साती आसरा. त्यांना हळदकुंकू वाहिलं, खिचडीचा नैवेद्य दाखवला. आसरा डोहात राहतात, सात जणी, एकत्र. त्यांना नवरा नाही, मुलं नाहीत. कोवळ्या बाळंतिणीला त्या धरतात म्हणून त्यांना भ्यायचं. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या वाटांवर फिरून अशा नवरा नसलेल्या देव्या शोधल्या, त्यांच्यात फार जुन्या मातृदेवतांच्या खुणा पाहिल्या. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘लज्जागौरी’त वारुळात नांदणाऱ्या भूदेवीचा माग काढला. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ती सांतेरी होऊन वारुळाच्या रूपानं गाभाऱ्यात उभी आहे. हे सगळं मी पुढं वाचलं. त्या दिवशी विहिरीवर तान्ह्या मुलीला छातीशी धरून मी एवढंच पाहिलं, की आईपणाच्या उंबरठ्यावर मला ज्यांच्यापुढं वाकायला सांगितलं त्या आई नव्हत्या. बिनलग्नाच्या सात जणी पाण्यात एकत्र राहतात आणि सगळं गाव त्यांना मान देतं. मला बाई आठवल्या. त्यांना गावानं असा मान उघडपणे का दिला नाही, हा प्रश्न तेव्हा पडला. आज त्यांच्या नावानं व्याख्यान होतं आहे, पण तो प्रश्न अजून आहे.

गौरीतही मला अशी आपलं आपण ठरवणारी बाई दिसते. कोकणात तेरड्याची रोपं पाणवठ्यावरून गौर म्हणून आणतात, काही घरांत नदीतले खडे आणतात. अनुराधेवर ती येते, ज्येष्ठेवर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण थोडाच काळ टिकणाऱ्या गोष्टीबद्दल म्हणतो. मला त्या म्हणीत माहेरवाशीण दिसते. तीन दिवसच तिला मिळतात, म्हणून तेवढ्यात ती सगळा रंग दाखवते. आणि जाताना तेरड्याचं पक्व बोंड बोट लागताच फुटतं, बी लांब उडतं. पुढच्या वर्षी गौर कुठं उगवेल ते तिचं तीच ठरवते.

महाडमध्ये राहून पाण्याबद्दल बोलायचं आणि चवदार तळ्याबद्दल बोलायचं नाही, हे होणार नाही. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याआधी त्याच पाण्याची पूजा होत होती, त्याच गावातल्या सुवासिनी पाण्याला आई म्हणत होत्या, आणि त्या आईला हात लावला म्हणून त्या दिवशी माणसांना मारहाण झाली. डिसेंबरमधल्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि त्या बायकांनी जातीची खूण सांगणारी लुगडं नेसायची पद्धत टाकून दिली. निसर्गातल्या स्त्रीतत्त्वाबद्दल जे सुंदर लिहिलं जातं त्यातलं बरंचसं मला अर्धवट वाटतं, ते यामुळं. कोणती बाई पाण्याजवळ जाऊ शकत होती आणि कोणती नाही, हे न विचारता पाण्याला बाई म्हणता येत नाही. माझ्या आजीनं मला एका पहाटे पोटाशी घेतलं. पण आमच्या अंगणात पाणी घ्यायला येणाऱ्या बाईच्या घागरीत ती वरूनच ओतायची, भूकंपानंतरही. हे मी तेव्हा पाहिलं आणि गप्प बसले.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल कोसळला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या माणसांसह पुरात गेल्या. आम्ही रात्रभर जागे होतो. नदीचा आवाज घरापर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी बाजारात मी ऐकलं, सावित्री कोपली. जिच्या शापानं देवांचं पाणी झालं, ती कोपली, हे वाक्य महाडमध्ये सहज सुचणारं आहे. मला ते सहन झालं नाही. ती कोपली म्हटलं की जुना पूल वेळेवर का बदलला नाही हे विचारायचं राहून जातं. २०२१च्या जुलैत शहर पाण्यात गेलं, तळिये गावावर दरड आली, तेव्हाही तेच. पात्रात काय भरलं, उतारावर काय खोदलं, रान किती तोडलं, हे माणसांचे हिशेब आहेत. कथेतल्या सावित्रीचा राग मी जपते, कारण तो तिच्या अपमानाचा आहे. आपली चूक झाकायला तो वापरायचा नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती रागाहून मला जास्त लागते. कोयना पूर्वेला वाहणारी. कऱ्हाडला ती समोरासमोर येऊन कृष्णेला मिळते, प्रीतिसंगम म्हणतो आपण. धरणातून तिचं बरंचसं पाणी आता बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवतात, त्याच्यावर वीज होते, मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. आपल्या घरात त्या विजेचे दिवे आहेत, मी त्याला नाकं मुरडत नाही. आणि आपल्या वाईच्या वर धोमचं धरण आहे, त्याच्या पाण्यानं शेतं भिजली, माझ्या भावाचा ऊसही. पण घाटावर पहिल्या पावसाचं ते तांबडं पाणी आता माझ्या लहानपणासारखं येत नाही. आलं तरी कुणीतरी दार उघडेल तेव्हा येतं. ज्या नदीला शास्त्रकारांनी ऋतुमती म्हटलं तिचा ऋतू आता तिच्या हातात राहिलेला नाही. नदीकडे बाई म्हणून बघायला लागलं की हे दुखतं. नुसती आई म्हणून बघितलं तर दुखत नाही, कारण आईनं देत राहायचं असतं.

माझी पाळी गेली ती २००४ साली. डॉक्टरांनी सांगितलं, झालं, सुटलात. घरात कुणालाच हा टप्पा वाटला नाही. न्हाणाला मखर, डोहाळजेवणाला झोपाळा, पाचवीला पाटावरवंटा, आणि या टप्प्याला काहीच नाही. ना गाणं, ना गोड. त्याच ऑगस्टअखेर गुरू कन्या राशीत गेला आणि कृष्णेचं कन्यागत सुरू झालं. बारा वर्षांनी एकदा येणाऱ्या या वर्षभरात गंगा कृष्णेच्या भेटीला येते असं मानतात, पंचगंगेच्या देवळातली ती कोरडी जागा वाहते असं सांगतात. मी आईबरोबर नरसोबाच्या वाडीला गेले. आई ऐंशीला टेकलेली. गर्दीत मी तिचा हात धरून पायऱ्या उतरवल्या. पाण्यात उभी राहून ती म्हणाली, “गंगा आलीय हिच्याकडं. दोघी म्हाताऱ्या बसतील आता वर्षभर बोलत.”

कन्यागत हा शब्द राशीचा आहे, मला ठाऊक आहे. पण एकोणपन्नासाव्या वर्षी पाण्यात उभी असताना मी तो माझ्या पद्धतीनं ऐकला. आणि आईच्या वाक्यात एक वय होतं जे मला कुठल्याच पोथीत सापडलं नव्हतं. दोन थोर नद्या, कुणाच्या आया नाहीत, कुणाच्या बायका नाहीत, एकमेकींकडे राहायला आलेल्या. पुढचं कन्यागत २०१६ला झालं, तेव्हा आई नव्हती. आता २०२८ला येईल, मी त्र्याहत्तर वर्षांची असेन.

माझे पती २०१४च्या पावसाळ्यात गेले. काही वर्षांनी मी वाईला परत आले. पहिल्या माघात आमच्या घाटावर कृष्णाबाईचा मांडव पडला आणि मी ओटीचं ताट घेऊन रांगेत उभी राहिले. अॅन फेल्डहाउस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी महाराष्ट्रातल्या नद्यांवर ‘वॉटर अँड वुमनहुड’ नावाचं पुस्तक १९९५ साली लिहिलं. आपण नद्यांना सुवासिनी म्हणून पुजतो, त्यांच्याकडे अन्न, संतती, सौभाग्य मागतो, हे त्यांनी फार बारकाईनं मांडलं आहे. पुस्तक मी वाचलं होतं, पण त्या रांगेत ते अंगावर आलं. मांडवात हळदकुंकू लावायला एक मुलगी होती, विशी-बाविशीची, माझ्या विद्यार्थिनीची मुलगी. माझ्यापाशी आली आणि तिचं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलेलं तसंच हवेत थांबलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. हाताला शिकवलेलं होतं ते हातानं केलं.

मी रांगेतून निघाले, पायऱ्या उतरून पाण्याशी गेले आणि ताटातले तांदूळ पाच मुठी पाण्यात सोडले. खण-नारळ मी सोडत नाही, त्यानं घाट घाण होतो; तांदूळ माशांना तरी होतात. थोड्या वेळानं ती मुलगी करंडा हातात घेऊन खाली आली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं. मी तिला सावित्रीच्या यज्ञाची गोष्ट सांगितली. वर मांडवात साडी नेसून बसलेली कृष्णाबाई मूळची कोण, ते सांगितलं. ती बराच वेळ मांडवाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हे आम्हांला कुणी सांगितलंच नाही, काकू.”

पुढच्या माघात तीच मुलगी तिथं होती, आणि तिचा हात थांबला नाही.

गेल्या फाल्गुनात मी तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन क्षेत्र महाबळेश्वरला गेले होते. तिघींपैकी दोघींची लग्नं ठरत आहेत, एकीला करायचंच नाही. वाटेत पसरणी घाटात त्या फोनवर गाणी ऐकत होत्या, मधेच ‘सावित्री पुढं कुठं जाते’ असं विचारत होत्या. देवळात धारा बारीक झाल्या होत्या, उन्हाळ्याच्या तोंडावर होतात तशा. भागीरथीची जागा कोरडी होती. मी मुलींना डोळे मिटायला सांगितलं आणि एकेकीचं मनगट धरून हात धारेखाली नेला. एकीनं वेण्णा म्हटलं, एकीनं गायत्री. तिसरी काही न बोलता नुसती हसत उभी राहिली, हात पाण्यात.

मग त्या म्हणाल्या, आता तुम्ही. मी डोळे मिटले. मुलीनं माझं मनगट धरलं, बाईंनी धरलं होतं तसंच, जरा घट्ट. पाणी थंड होतं. मी थांबले, दोन्ही बाजूंची सगळी वर्षं आठवून थांबले, आणि म्हणाले, “सावित्री.”

“कृष्णा,” ती म्हणाली, आणि माझा हात तसाच पाण्यात धरून ठेवला.